मोडकी खुर्ची राहू दे

पिट्सबर्ग, ९ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार. आजीच्या पायांवर डोकं ठेवते.

आम्ही सगळे खुशाल आहोत. तिघंही मुलं ठणठणीत आहेत. शेंडेफळाचा खोकला गेला, आता पुन्हा विचारू नका. थंडी पडायला लागलीय, पण घर ऊबदार आहे. आजीनं विणलेला स्वेटर थोरल्याला आखूड झालाय, तो मधलीला नेमका बसतो. तुमच्या जावयांची नोकरी नीट चालू आहे. टीव्हीवर ते व्हिसाच्या एक लाख डॉलर फीचं रोज दाखवतात म्हणून आई घाबरली, पण ते नव्या अर्जांना आहे, यांचं काम जुनं आहे. शेजारपाजारी कुणी विचारलं तर एवढंच सांगा आणि विषय बदला.

परवा फोन ठेवला आणि मला झोप लागेना. बाबा, तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त ‘बरं’ म्हणालात. तुमचं ‘बरं’ मला लहानपणापासून कळतं. फोनवर बोलायला गेलं की मध्येच कुकरची शिट्टी होते, नाहीतर कुणीतरी रडत येतं आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून आज मुलं निजल्यावर लिहायला बसले. याचे फोटो बाळूला पाठवते, त्याच्याकडून छापून घ्या. कागद मागाहून टपालानं येईलच.

आई, आधी तुझं. किल्ल्याच्या व्हिडिओत दारातली मोडकी खुर्ची दिसली आणि ‘दिवाळी तोंडावर आली, ते भंगार टाकून दे’ म्हणून तू ओरडलीस. ती खुर्ची टाकता येत नाही गं. आमची गल्ली चढावर आहे. इथल्या जुन्या घरांना गाडी लावायला जागा नसते, सगळ्यांच्या गाड्या रस्त्याच्या कडेला. जागा कुणाच्या मालकीची नाही, जो आधी येईल त्याची. पण हिवाळ्यात बर्फ पडला की गाडी पुरती बुजून जाते. मग फावडं घेऊन तासभर बर्फ उपसायचा, तेव्हा कुठे चाकं दिसतात. एवढं करून माणूस गाडी काढून कामावर गेला, की ती साफ केलेली जागा दुसरा कुणीही पटकावू शकतो. म्हणून जाताना तिथे आपली एक खुर्ची ठेवून जायचं. स्वयंपाकघरातली, घडीची, प्लॅस्टिकची, बहुतेक मोडकीच. संध्याकाळी आलं की खुर्ची उचलायची आणि गाडी लावायची. तोवर कुणी तिला हात लावत नाही! आपण एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसंच. फक्त कराडच्या स्टँडवर रुमालावरून भांडणं होतात, इथे भर रस्त्यात दिवसभर एकटी खुर्ची उभी असते आणि गाड्या तिला वळसा घालून जातात. रस्ता सरकारी, कायद्यानं त्या खुर्चीला काही किंमत नाही, तरी अख्खं शहर पाळतं. पहिल्या हिवाळ्यात मला हे ठाऊक नव्हतं. कुणाची तरी विसरली असेल, गाडीखाली जायला नको, म्हणून मी एक खुर्ची उचलून बाजूला नेऊन ठेवली. समोरचे आजोबा चपला घालून तसेच बर्फात आले, खुर्ची परत जागेवर ठेवली आणि मला सगळं समजावून सांगितलं. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे शिरा घेऊन गेले. आता थोरल्यानं खुर्चीवर एक पानभर निबंध लिहिलाय. शेवटचं वाक्य, ‘ज्यानं बर्फ काढला त्याची जागा.’ त्याच्या वर्षभराच्या फायलीत ते पान लावलंय.

फाईल निघालीच आहे तर बाबा, आता तुमच्या ‘बरं’कडे येते.

पस्तीस वर्षं तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेवर काढलीत. पावसाळ्यात ओढा ओलांडून गेलात. ऊसतोडीच्या पोरांना कोपीवरून हाताला धरून वर्गात आणून बसवलंत. आणि तुमच्याच लेकीनं आपली पोरं शाळेतून काढून घरी बसवली. हे तुम्ही बोलला नाहीत, मीच बोलते, कारण माझ्याही मनात ते रोज येतं.

थोरला चार महिने वर्गात एक शब्द बोलला नव्हता. घरी बडबड, आणि तिथे जीभ टाळूला चिकटलेली. मी शाळेला दोष देत नाही, त्या बाईंपुढे खूप मुलं होती. पण आठ वर्षांचं पोर रोज सकाळी पोट दुखतंय म्हणून रडतं, तेव्हा आईनं काय करायचं? तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, काळजी कराल म्हणून. ते चुकलं माझं.

हे चोरून नाही हो. पेनसिल्व्हेनियात १९८८ पासून मुलांना घरी शिकवायचा कायदाच आहे. दरवर्षी १ ऑगस्टच्या आत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यात काय शिकवणार ते लिहून. वर्षाला १८० दिवस शिकवायचं. वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायची, वह्यांची फाईल करायची. जूनमध्ये एक परीक्षक बाई फाईल तपासतात, मुलांशी बोलतात आणि मगच पुढे जाता येतं. तिसरी, पाचवी आणि आठवीला परीक्षाही असते. यंदा मधली तिसरीत, थोरला पाचवीत, म्हणजे दोघांचीही आहे. शेंडेफळ पाचच वर्षांचा, त्याला अजून सक्ती नाही, पण दोघं बसले की तोही पाटी घेऊन बसतो. विषयांच्या यादीत आगीपासून कसं जपायचं हेही आहे, ते आम्ही पणत्यांच्या निमित्तानं या महिन्यात ठेवलंय.

‘मुलं माणूसघाणी होतील’ हे आईनं म्हटलं. दर शुक्रवारी आम्ही सहा घरं एकत्र जमतो. कुणी चित्रकला घेतं, कुणी व्हायोलिन, मी गणित घेते. उरलेल्या दिवशी लायब्ररी आहे. इथल्या कार्नेगी लायब्ररीच्या दारावर दगडात कोरलंय, ‘लोकांसाठी मोफत’. १८९५ ची इमारत आहे. बाबा, तुम्ही आलात की तुम्हाला तिथून उठवणं कठीण जाईल. मागच्या महिन्यात मुलांना दोन नद्या मिळतात तिथे नेलं. अ‍ॅलेगनी आणि मोनोंगाहेला मिळून पुढे ओहायो होते. थोरल्यानं कठड्यावर बसून वहीत दोन नकाशे काढले, एक इथला आणि एक आपल्या प्रीतिसंगमाचा. मला म्हणाला, ‘आई, कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, या कडेकडेनं येऊन भेटतात.’ बाजूला एक अनोळखी बाई उभ्या होत्या, त्यांना त्यानं आपणहून कराडचा नकाशा दाखवला, यशवंतरावांची समाधी कुठे आहे तेही. इंग्रजीत, न अडखळता. मी पाठ फिरवून डोळे पुसले. बाबा, एवढंच तुम्हाला सांगायचं होतं.

रोजचं काय लिहू, तुम्हाला माहीतच आहे. आता सगळा अभ्यास दिवाळीचाच चाललाय. आई, तुझा डबा यंदा येणार नाही, हे मुलांना सांगणं फार जड गेलं. २९ ऑगस्टपासून इकडे आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी गेली आणि तिकडून टपालाचं पार्सल घेणंच थांबलं. तू कुरियरचं विचारलंस, पण लाडवांपेक्षा भाडं जास्त होईल, नको. तुझी वही काढली आणि सगळं घरीच करायला घेतलं. भाजणी मधलीच्या ताब्यात आहे. तांदूळ चार वाट्या, हरभरा डाळ दोन, उडीद एक, मूग अर्धी. पाऊणपट करायची तर प्रत्येकाचं किती, हे तिनं वाट्या मांडून काढलं. मुगाशी अडली, मग वाटीत पाणी भरून मोजलं.

अनारशांचं मात्र काय सांगू. तीन दिवस तांदूळ भिजवले, रोज पाणी बदललं, फडक्यावर सुकवले, कुटले, चाळले, गुळात मळले. पाच दिवस पीठ मुरू दिलं. काल संध्याकाळी खसखशीवर पहिला थापला आणि तुपात सोडला. कडेनं आधी बारीक बुडबुडे आले, मग जाळी पडली, आता छान होणार असं वाटलं, तेवढ्यात मधोमध भोक पडलं आणि बघता बघता तो तुपात पसरून गेला. तळाशी नुसती खसखस उरली. ‘आई, तो कुठे गेला?’ शेंडेफळानं विचारलं. मी म्हटलं, ‘हसला.’ तर तोही हसायला लागला. मला तुझीच आठवण झाली. तू पदरानं घाम पुसत म्हणायचीस, ‘गूळ जास्त झाला गं.’ मग मुलांनी पिठाचे तीन गोळे केले, एकात एक चमचा तांदळाची पिठी, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. दोन चमचेवाला जमला! जाळी बघ म्हणून फोटो पाठवलाय, तुझ्यासारखी नाही पण पडलीय. तेही फायलीत गेलं, विज्ञानात.

किल्ला मागच्या अंगणात चाललाय. जुलैत युनेस्कोनं आपले बारा किल्ले यादीत घेतले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. थोरल्यानं त्यातला प्रतापगड धरला. मला सदाशिवगड हवा होता, तुम्ही पहाटे आम्हाला घेऊन चढायचात म्हणून, पण बहुमतापुढे काय. माती इथली चिकट आहे, बुरूज चांगले राहतात. बाहेर गारठ्यात मोहरी उगवत नाही म्हणून आत खिडकीपाशी ओल्या टॉवेलवर पेरलीय, रुजली की तट्ट्यासारखी उचलून डोंगरावर घालणार. मावळे मिळाले नाहीत, कणकेचे करून रंगवले.

दिवाळीत पेन हिल्सच्या व्यंकटेश्वराला जाऊन येऊ. २० तारखेला पहाटे अभ्यंगस्नान होईल. मोती साबणाच्या दोन वड्या जपून ठेवल्यात. उटणं गेल्या वर्षीचंच आहे, वास अजून येतो.

आता पैशाचं. बाळूच्या लग्नासाठी दीड लाख बँकेत टाकलेत, पोचले की कळवा. बँकेतून पाठवल्याला परदेशी पैसे पाठवण्यावरचा तो नवा एक टक्का कर लागत नाही, तेव्हा ती चिंता नको. पण बाबा, दर महिन्याला पाठवतो ते नोव्हेंबरपासून निम्मंच जमेल. मला इथे कामाची परवानगी नाही, एकाच पगारात पाच माणसं आहेत. ओढाताण आहे असं नाही, पण हात आखडता ठेवावा लागतोय. तुम्ही मात्र लग्नासाठी सोसायटीचं कर्ज काढू नका. मुलीकडचे समजूतदार आहेत, साधं केलं तरी कुणी नाव ठेवणार नाही. आई, माझ्या पाटल्या लॉकरमध्ये आहेत त्या वहिनीला घाला. पुन्हा करू म्हणू नकोस, सोन्याचा भाव बघ काय झालाय. माझ्या तिथे पडूनच आहेत.

आणि आम्ही लग्नाला येत नाही.

हे वाक्य लिहिता येत नव्हतं. पासपोर्टावरचा व्हिसाचा शिक्का संपलाय. बाहेर पडलो तर मुंबईत नव्यानं मुलाखत द्यायला लागते. चौदा वर्षांखालच्या मुलांना आधी सूट होती, २ सप्टेंबरपासून तीही गेली. म्हणजे हे, मी आणि पुण्यात जन्मलेला थोरला, तिघांनाही उभं राहावं लागणार. तारीख लांबली तर यांची नोकरी जाईल. आम्ही खूप हिशेब केला, प्रत्येक वेळी तिथेच येऊन थांबलो. बाळूला फोनवर सांगितलं, तो म्हणाला, ‘ताई, ठीक आहे.’ तोही तुमच्यासारखाच बोलायला लागलाय, बाबा.

करवलीचा मान मावशीच्या मुलीला द्या. कऱ्हा तिच्याच हातात द्या, ती नीट धरेल. माझ्यासाठी घेतलेली साडी तिला नेसवलीत तरी चालेल. केळवणाला तिला आधी बोलवा.

मार्गशीर्षातला मुहूर्त दुपारी साडेबाराचा ठरतोय असं बाळू म्हणाला. म्हणजे इथे रात्रीचे दोन. मुलांना उठवणार आहे, अक्षता रंगवून ठेवू. फोन कुणाच्या हातात द्यायचा ते आधीच ठरवा, मांडवात ऐनवेळी गोंधळ होतो. अंतरपाट धरतील तेव्हा फोन जवळ न्यायला सांगा.

बाबा, आणखी एक. मधलीला जोडाक्षरं जड जातात, माझ्याकडून ऐकत नाही. इथे सकाळी नऊ वाजतात तेव्हा तुमचे संध्याकाळचे साडेसहा असतात. फिरून येऊन चहा झालेला असतो तुमचा. २ नोव्हेंबरला इथलं घड्याळ मागे जाईल, मग साडेसात. सोमवार ते गुरुवार अर्धा तास घ्याल का? हजेरीपटावर तुमचं नाव शिक्षक म्हणून लिहिते.

तुमची,
बेबी

ता. क. लॉकरची किल्ली देवघराच्या खालच्या खणात, कापसाच्या वातींच्या डब्यात आहे. मीच ठेवली होती जाताना.