बासची किंमत आणि बासचा दर्जा

महोदय,

बास गिटार विकत घेऊ पाहणाऱ्या नवशिक्याला हमखास दोन टोकांचे सल्ले ऐकावे लागतात. 'शिकायला कुठलीही स्वस्त चालते' हा एक आणि 'घ्यायची तर एकदाच काय ती भारी घ्यावी' हा दुसरा. वीस वर्षे बास वाजवल्यानंतर आणि मित्रमंडळींच्या अनेक बासचे सेटअप, म्हणजे वाजवण्याजोगी बारीक जुळणी, करून दिल्यानंतर मला हे दोन्ही सल्ले पटेनासे झाले आहेत. किंमत आणि दर्जा एकाच प्रमाणात वाढतात, असे दोन्हींमध्ये गृहीत धरलेले असते आणि प्रत्यक्षात तसे घडत नाही.

उदाहरण सर्वांच्या परिचयाचे घेतो. लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणलेल्या प्रिसिजन बासचा आराखडा आज त्यांच्याच नावाच्या फेंडर कंपनीच्या अनेक श्रेणींमध्ये विकला जातो. स्क्वायर या नावाखाली सोनिक, ॲफिनिटी आणि क्लासिक व्हाइब या श्रेणी आहेत, त्यांच्या वर मेक्सिकोत तयार होणारी प्लेअर श्रेणी आहे आणि तिच्याही वर कॅलिफोर्नियातील कोरोनाच्या कारखान्यातली वाद्ये आहेत. तळाच्या आणि वरच्या श्रेणीत किमतीचा फरक आठ-दहा पटींचा असू शकतो. मात्र तारेची ३४ इंचांची लांबी तीच, पिकअपची (तारांची कंपने टिपणाऱ्या चुंबकीय भागाची) जागा तीच आणि सर्वांत खालच्या स्वराची 'ई' तार दोन्हींवर ४१ हर्ट्झच्या आसपासच वाजते. आयबानेझ कंपनीची 'जिओ' या स्वस्त श्रेणीपासून 'प्रेस्टिज' या महागड्या श्रेणीपर्यंतची किंवा म्युझिक मॅन कंपनीची 'स्टर्लिंग'पासून सुरू होणारी उतरंड याच धर्तीची आहे.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे? लाकडात, असे बहुतेकांना वाटते. स्वस्त बासचे धड बहुधा पॉपलर किंवा बासवुडचे असते आणि महागाचे आल्डर किंवा ॲशचे, हे खरे आहे. परंतु विद्युत वाद्यात धडाच्या लाकडाला आपण देतो तेवढे महत्त्व देण्याचे कारण मला आजवर दिसलेले नाही. धड आणि नेक (धडाला जोडलेली, तारांखालची लांब दांडी) कापण्याचे काम आता दोन्हीकडे संगणकावर चालणारी यंत्रे करतात, त्यामुळे नेकचा सांधा सैल किंवा वाकडा असण्याचे पूर्वीचे दुखणे स्वस्त बासमध्येही फारसे उरलेले नाही. खरा फरक यंत्राचे काम संपल्यावर सुरू होतो, म्हणजे माणसाचा हात किती वेळ त्या वाद्यावर फिरला यात तो असतो.

अलीकडेच एका विद्यार्थ्याने नवी कोरी, तळाच्या श्रेणीतली बास माझ्याकडे आणली होती. नेकच्या कडेवरून बोट फिरवले तर फ्रेटची (नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांची) टोके करवतीच्या दात्यांसारखी टोचत होती, कारण लाकूड सुकून आकसले होते आणि धातू होता तेवढाच राहिला होता. नटमधल्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीतल्या) खाचा उथळ राहिल्याने तारा उंच बसल्या होत्या. मोकळी ई तार सुरात होती, पण पहिल्या फ्रेटवर बोट दाबताच तार अधिक ताणली जाऊन स्वर चढत होता. मुलाची समजूत अशी, की आपला हातच कच्चा आहे. फ्रेटची टोके कानशीने घासली, नटच्या खाचा खोल केल्या, ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक जुळवणारी सळई) थोडा फिरवला, ब्रिजवरचे सॅडल (धडाकडच्या टोकाला तारा टेकतात ते आधार) मागेपुढे करून बाराव्या फ्रेटवरचा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर आणला आणि तारांचा नवा संच चढवला. एका दुपारचे काम. महागड्या श्रेणीत हेच काम कारखान्यातच झालेले असते, शिवाय फ्रेट बसवलेल्या फळीच्या, म्हणजे फ्रेटबोर्डच्या, कडाही गोलसर केलेल्या असतात. आपण ज्याला दर्जा म्हणतो त्याचा बराच मोठा भाग एवढाच आहे.

इलेक्ट्रॉनिक्स आणि तोलाच्या बाबतीत तळाची श्रेणी मात्र खरोखरच कमी पडते. पिकअपमध्ये सिरॅमिक चुंबक असणे हा काही दोष नाही, पण आवाजाची बटणे वर्षभरात खरखरू लागतात, जॅकची (केबल जोडण्याची) सॉकेट सैल होते आणि हलक्या धडामुळे पट्टा लावून उभे राहिले की नेक खाली झुकते. या तक्रारी एक-दोन पायऱ्या वर गेले की पुष्कळ कमी होतात. अल्निको (ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट असलेल्या मिश्रधातूच्या) चुंबकाचे पिकअप तर क्लासिक व्हाइबमध्येच मिळतात. म्हणून तळापासून मधल्या श्रेणीपर्यंत वाढवलेला प्रत्येक पैसा मला सार्थकी लागलेला दिसतो. त्यापुढे किंमत झपाट्याने चढते आणि हातात येणारा फरक बारीक होत जातो.

काही दोष तर किमतीला जुमानतच नाहीत. 'जी' (G) या तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर उमटताक्षणी विझून जातो, ज्याला वादक 'डेड स्पॉट' म्हणतात. नेक स्वतःच त्या कंपनसंख्येला थरथरते आणि तारेची ऊर्जा शोषून घेते, म्हणून हे होते. लाकडी नेकच्या अत्यंत महागड्या बासवरही मी ते अनुभवले आहे.

पाच तारांच्या बासला मात्र मी हा हिशेब लावणार नाही. तिची सर्वांत खालच्या स्वराची 'बी' तार ३१ हर्ट्झच्या जवळपास वाजते आणि नेक पुरेशी ताठ नसेल, तर ती तार स्वर देण्याऐवजी नुसती फडफडते. तिथे वरच्या श्रेणीसाठी थांबणे मला शहाणपणाचे वाटते.

स्क्वायरची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. फेंडरने १९६५ साली विकत घेतलेले हे नाव १९८२ साली जपानमध्ये तयार होणाऱ्या कमी किमतीच्या वाद्यांना देण्यात आले. 'जेव्ही' (JV) या अक्षरांनी सुरू होणारा अनुक्रमांक असलेल्या त्याच सुरुवातीच्या वाद्यांच्या शोधात आज संग्राहक असतात आणि त्यासाठी चांगली किंमत मोजतात.

वाद्यांची परीक्षणे छापताना लाकूड आणि बनावटीचा देश यांच्याबरोबर फ्रेटची टोके, नटची उंची आणि नेकचा ताठपणा यांविषयीही लिहिले जावे, आणि परीक्षणाआधी त्या वाद्याचा सेटअप कोणी करून दिला होता की ते खोक्यातून काढले तसेच वाजवले, हे स्पष्ट नमूद व्हावे, एवढी विनंती आहे.

आपला,
एक बासवादक वाचक