आजोबांच्या डाव्या हाताची खाच

वेंगुर्ला, ५ जुलै

प्रिय सुमे,

तुझा मेसेज येऊन पंधरा दिवस झाले गं, "सासऱ्यांच्या त्या पांघरुणाचं काय झालं, बाबूने खरंच विणलं का, माझी लेक पण मागे लागलीये" असं विचारलेलंस आणि मी नुसता एक फोटो टाकून गप्प बसले. फोनवर लिहायला घेतलं की मध्येच कोणीतरी हाक मारतं, म्हणून आज सरळ वही घेऊन पडवीत बसलेय. पाऊस सकाळपासून धो धो लागलाय, लाइट नाही, माझा बाबू शाळेत आणि सासरे झोपलेत, तर आता सगळं सविस्तर सांगते.

सासऱ्यांचं डायलिसिस सुरू झालं ते तुला माहितीच आहे. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी चार तास, जाऊन येऊन अख्खा दिवस जातो. पहिल्या महिन्यात ते घरी आले की एकच सांगायचे, "थंडी वाजता गो." अंगातलं रक्त नळ्यांतून बाहेर मशीनमध्ये फिरून परत येतं, त्यात ते थोडं गार होतं आणि वर तिथला एसी. तिथली चादर पातळ. मी घरातली गोधडी दिली तर ती जड, आणि धुतली की पावसात चार दिवस वाळत नाही. मग बाजारातून ते मऊ मऊ ब्लँकेट आणलं, ते गुळगुळीत असल्यामुळे सारखं घसरून खाली पडायचं आणि सासऱ्यांना एका हाताने उचलता येईना, कारण डाव्या हातात सुया. तिथल्या सिस्टरने मला बाजूला घेऊन आणखी एक गोष्ट सांगितली, की सुया टोचलेला हात कधीही झाकायचा नाही, सुई निसटली आणि वर पांघरूण असलं तर रक्त जातंय हे कोणाला कळणार पण नाही. ह्यांना तर थंडी वाजली की पांघरूण गळ्यापर्यंत ओढायची सवय. त्या दिवशी घरी येताना एसटीत बसल्या बसल्या मनात आलं की ह्यांना दुकानातलं चौकोनी काहीच उपयोगाचं नाही, ह्यांच्या अंगाच्या मापाचं काहीतरी आपणच करायला हवं.

आणि मला आठवले हॉस्टेलवरचे आपले क्रोशाचे चौकोन! तीन खांब, म्हणजे ते उंच टाके, मग साखळी, तीन खांब, साखळी. चौकोन जोडून करायचं म्हणजे कुठेही कमी जास्त करता येतं, वरच्या कोपऱ्यातले काही चौकोन घातलेच नाहीत की तिथे आपोआप खाच पडते आणि हात बाहेर राहतो. कागदावर काढलं, आडवे सात, उभे नऊ, त्यातले वरच्या कोपऱ्यातले दोन बाय तीन म्हणजे सहा वजा, राहिले ५७. एक चौकोन १२ सेंटीमीटरचा, म्हणजे ८४ बाय १०८, छातीपासून पायापर्यंत नीट पुरतं.

लोकर घ्यायची नाही हे पक्कं होतं. आपल्याकडच्या दमट हवेत ती चिकचिकते आणि वरचेवर धुतली की गोळे येतात, हे तर दर आठवड्याला धुवायचं पांघरूण. सुती दोरा घेतला, जाडसर, चार नंबरच्या सुईवर चालेल असा. ऑनलाइन मागवला, समुद्राचा निळा, वाळूचा रंग, पानाचा हिरवा आणि कोकमाचा लाल. निळ्याच्या पाच गुंड्यांपैकी दोन वेगळ्याच लॉटच्या, म्हणजे वेगळ्या वेळी रंगवलेल्या निघाल्या, हातात घेतल्या की सारख्या वाटायच्या पण शेजारी शेजारी ठेवल्या की फरक उठून दिसायचा. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला परत पाठवा, पाठवण्याचा खर्च तुमचा. मला खूप राग आला होता, पण बाबू म्हणाला, "आई, समुद्र पण कुठे एका रंगाचा असतो?" मग फिक्या निळ्याचे चौकोन सगळीकडे पसरून टाकले. तू घेशील तेव्हा मात्र लेबलवरचा लॉट नंबर बघूनच घे. आणि लाल दोरा आधी ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून बघ. माझा लाल थोडा सुटत होता, मी त्याची लडी करून तीन पाण्यातून काढली तेव्हा कुठे थांबला.

आता बाबूचं सांगते. त्याला मी सुरुवातीला नुसतं दोरा गुंडाळायला बसवलेलं, आणि दोन दिवसांत त्याला कळलं की हे काम मी त्याला गप्प बसवायला दिलंय. खूप रुसला. सुमे, तुझ्या लेकीला पण खोटं काम देऊ नकोस, पोरांना लगेच कळतं. मग मी त्याला आधी सुईशिवाय, बोटाने साखळी घालायला शिकवली, तर संध्याकाळपर्यंत पडवीच्या ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत साखळी. चार दिवसांनी सुई दिली. मुका टाका, म्हणजे तो बुटका टाका, त्याला जमेना, फार चिकटून येतो तो, पण खांब पटकन जमला, कारण दोरा सुईवर घ्यायचा, भोकातून काढायचा आणि दोन दोन करून सोडायचे, ह्याला एक ताल आहे, आणि तो तोंडाने म्हणायचा, "घे, काढ, दोन, दोन." आठ वर्षांचं पोर जीभ बाहेर काढून, मान वाकडी करून म्हणतंय घे काढ दोन दोन, आणि बाजूच्या आरामखुर्चीत आजोबा डोळे मिटून तेच पुटपुटतायत.

त्याचे पहिले तीन चौकोन साडेदहा सेंटीमीटरचे झाले, माझे बाराचे. पोरं दोरा जीव खाऊन ओढतात ना. मी त्याला "सैल घाल, सैल घाल" म्हणत राहिले आणि तो आणखीच घट्ट घालायला लागला, रडकुंडीला आला. मग सुचलं की हात कशाला बदलायचा, सुई बदलूया. त्याला पाच नंबरची दिली, माझी चारच ठेवली, आणि त्याचा चौकोन सरळ बाराला येऊन बसला! पहिल्या तीनना मी बाहेरून मुक्या टाक्यांच्या दोन ओळी घालून मोठं केलं. उसवले नाहीत. ते तीन कुठले हे आता पण ओळखू येतं, आणि मला ते तसेच हवे होते.

एका चौकोनात चार फेऱ्या, पहिल्या फेरीत तीन तीन खांबांचे चार गट, मग आठ, बारा, सोळा. बाबूने एका दुपारी पाटीवर बेरीज गुणाकार करून सांगितलं की एका चौकोनात १२० खांब आणि ५७ चौकोनांत ६,८४०. त्यानंतर घरी येईल त्याला तो हा आकडा सांगायचा, पोस्टमनला पण सांगितला. त्यातले १४ चौकोन पूर्ण त्याचे. आणि प्रत्येक चौकोनात दोन रंग म्हणजे दोऱ्याची चार टोकं, एकूण २२८ टोकं बोथट सुईने आत दडवायची, ते काम मला अजिबात आवडत नाही, ते जवळ जवळ सगळं त्याने केलं. त्याला मी एकच नियम सांगितलेला, एका दिशेने ओवून परत उलट्या दिशेने यायचं, नाहीतर धुतल्यावर टोक बाहेर येतं. अजून एक पण आलेलं नाही.

सगळं हे चाललं एप्रिल मे महिन्यात, म्हणजे काजू आणि फणसाच्या दिवसांत. हात धुतल्याशिवाय दोऱ्याला शिवायचं नाही असं बजावून पण एका हिरव्या चौकोनाला फणसाचा चीक लागलाच, तो खोबरेल तेल चोळून काढला, मग साबणाने तेल काढलं. पण वाळूच्या रंगाच्या एका चौकोनावर काजूच्या बोंडूच्या रसाचे थेंब पडले ते काही गेले नाहीत, तुला माहितीये बोंडूचा डाग कसा असतो. तो चौकोन पायाकडे लावायचं ठरवलेलं, तर सासरे म्हणाले, "नको, तो वर लाव, माका दिसता तसो." मग मी काही बोलले नाही. ती कलमं त्यांच्या हातची, आंबा पण त्यांनीच लावलेला, आणि ह्या वर्षी आंबा त्यांना डॉक्टरांनी सांगितली तेवढी फोड मोजून, शहाळं तर बंदच, त्यातलं पोटॅशियम त्यांना चालत नाही. अख्खा मोसम ते नुसते आढीचा वास घेत बसले होते गं.

आता मुख्य गोष्ट. मेच्या शेवटी सगळे चौकोन जोडून झाले, फक्त कडेची पट्टी राहिलेली. मी ते पडवीत चटईवर पसरलं, डोकं भिंतीकडे, खाच वरच्या डाव्या कोपऱ्यात, कारण डावा हात. मनासारखं दिसत होतं. बाबू म्हणाला, "थांब, मी आजोबा होतो," आणि सरळ त्याच्याखाली शिरून उताणा झोपला. डोकं बाहेर, मग म्हणाला, "आता माझ्या डाव्या हातात सुई आहे," आणि हात हलवला तर हात पांघरुणाच्या आत! खाच त्याच्या उजव्या हातावर आलेली. मी उभं राहून वरून बघत होते ना, माझा डावा तो झोपलेल्या माणसाचा उजवा. दोन महिने कागदावर तोच आराखडा बघत होते मी आणि एकदा पण लक्षात आलं नाही.

उलटं करून वापरता आलं असतं, पण जोडाच्या सगळ्या उंच रेघा अंगाकडे आल्या असत्या, आणि ह्यांची कातडी आता इतकी पातळ झालीये की साध्या खाजेने पण रक्त येतं. म्हणून बसलो उसवायला. ह्या कोपऱ्यातले सहा काढून त्या कोपऱ्यात. मी जोड शोधून दोरा कापायची आणि बाबू ओढून काढायचा, गुंता न करता, एवढा हळू की मला वाटलं हा कोणाला तरी दुखेल म्हणून असं काढतोय. दोन संध्याकाळी गेल्या. मग पुन्हा तो खाली झोपला, डावा हात बाहेर काढून हलवला आणि ओरडला, "आता बरोबर!"

पट्टी कोकमाच्या लाल रंगाची घातली, मिरगाच्या आत धुऊन खळ्यात सावलीला वाळवलं. दोरीवर टाकू नकोस हां, ओल्या सुताला वजन फार, लोंबून लांब होतं, सपाट चटईवरच पसर. सुकल्यावर वजन केलं तर साधारण ९०० ग्रॅम भरलं. गोधडीएवढं जड नाही, पण घसरण्याइतकं हलकं पण नाही.

दिलं तेव्हा काही समारंभ वगैरे नाही. सकाळी सहाला निघताना बाबूने त्यांच्या पिशवीत ठेवलं. ते उघडून बघत राहिले, मग ते तीन जाड कडेचे चौकोन बोटाने चाचपून विचारलं, "हे तुझे मरे?" बाबूने नुसती मान हलवली. मी सोबत गेलेले. सुया लावून झाल्यावर सिस्टरने पांघरूण घातलं, डावा हात बाहेर, दोन्ही सुया दिसतायत, उजवा खांदा झाकलेला. तिने एक मिनिट बघितलं आणि खाचेच्या कडेवरून हात फिरवला. चार तासांत त्यांनी थंडीचं नाव एकदा पण काढलं नाही, वर अर्धा पाऊण तास चक्क घोरले. पुढच्या खेपेला सुई काढताना रक्ताचा एक थेंब पडला, मी तिथेच बेसिनवर गार पाण्याने धुतला. रक्ताला गरम पाणी कधी लावायचं नाही, डाग कायमचा बसतो.

तर आता तुझ्याकडे एक काम आहे. शेजारच्या बेडवर एक आजी असतात, मालवणकडच्या, त्या परवा बाबूला म्हणाल्या, "माका पण करतलंस?" आणि हा हो म्हणून मोकळा. इथे सुती दोरा जाड मिळत नाही, तुझ्या तिथल्या दुकानात नऊ गुंड्या बघ, प्रत्येक रंगाच्या एकाच लॉटच्या, जांभळा आणि पांढरट चालेल, त्यांना जांभळा आवडतो. पैसे लगेच पाठवते. पुढच्या महिन्यात गणपतीच्या आधी कोणी येणारं असलं तर त्यांच्याबरोबर दे. लेकीला घेऊन तूच आलीस तर सगळ्यात छान, दोन्ही पोरं मिळून टोकं ओवतील.

आणि हो, त्या आजींच्या सुया उजव्या हातात असतात. म्हणजे आपण वरून बघताना खाच डावीकडे. बाबूने आराखडा काढून ठेवलाय, त्यावर झोपलेल्या आजी पण काढल्यात.

तुझीच,
वैजू