पहिले पुस्तक : एजंट नाही, निदान करार तरी वाचा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दिवाळी अंकांची धांदल ओसरली की पुस्तक प्रकाशनाचे समारंभ सुरू होतात आणि रविवारच्या पुरवणीतल्या ‘साभार पोच’ सदरात नव्या नावांची रांग लागते. त्यातली बरीच पुस्तके लेखकाने पदरमोड करून काढलेली असतात. पदरमोडीला आमची हरकत नाही. पैसे कशासाठी दिले, बदल्यात काय मिळाले आणि पुस्तकाचे हक्क कोणाकडे राहिले, हे त्या लेखकाला सांगता येत नाही, ही खरी अडचण आहे. ‘कोण छापेल?’ या एकाच काळजीत तो इतका गुंतलेला असतो की ‘कोणत्या अटींवर?’ हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

इंग्रजीत लिहिणाऱ्याला आता भारतातही साहित्यिक एजंट मिळू शकतो. तो हस्तलिखित योग्य प्रकाशकाकडे नेतो, अटींवर घासाघीस करतो, अनुवादाचे व चित्रपटाचे हक्क वेगळे विकतो, हिशेब मागतो. त्याबद्दल लेखकाच्या मिळकतीतून तो साधारण १५ टक्के घेतो, परदेशी व्यवहारात २० च्या आसपास. लेखकाला पैसे मिळाले तरच त्याला मिळतात. वाचण्याचीच आगाऊ फी मागणाऱ्यापासून म्हणूनच जपून राहावे. मराठीत असा एजंट जवळपास नाहीच आणि त्याचे कारण साधा हिशेब आहे. ५०० प्रतींची आवृत्ती, ३०० रुपये किंमत, १० टक्के रॉयल्टी. आवृत्ती शेवटच्या प्रतीपर्यंत संपली तरी लेखकाच्या हाती १५,००० रुपये येतात आणि त्यातले १५ टक्के म्हणजे २,२५०. एवढ्यासाठी कोण दुकान थाटून बसेल? तेव्हा एजंटची सगळी कामे मराठी लेखकाने स्वतःच करायची आहेत.

पहिले काम प्रकाशक निवडण्याचे. ज्या प्रकारचे पुस्तक आपण लिहिले आहे त्या प्रकारची, गेल्या दोन-तीन वर्षांत आलेली आठ-दहा पुस्तके दुकानात जाऊन हाताळावीत. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात एक दुपार घालवली तरी पुरते. कागद, बांधणी, मुद्रितशोधन आणि श्रेयपान पाहावे. श्रेयपानावर संपादकाचे नाव आहे का, हक्क कोणाच्या नावे आहेत, दुसरी आवृत्ती कधी निघाली, एवढे पाहिले की त्या प्रकाशनगृहाची बरीच ओळख पटते. मग एक पानाचे पत्र, दोन पानांचा गोषवारा, पहिली तीन प्रकरणे आणि एकूण शब्दसंख्या असे चार-पाच ठिकाणी पाठवावे. एकाच वेळी अनेकांकडे पाठवले असेल तर तसे पत्रात लिहावे, त्यात कमीपणा नाही. उत्तराला तीन ते सहा महिने लागतात. कवितासंग्रह बहुतेक प्रकाशक स्वतःच्या खर्चाने काढत नाहीत. कवीने हे आधीच गृहीत धरावे आणि नियतकालिके, दिवाळी अंक व अनुदान यांच्याकडे वळावे.

मजकूर युनिकोडमध्येच द्यावा. युनिकोडच्या आधीच्या श्रीलिपी फॉन्टमधली फाइल रूपांतरित केली की ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि जोडाक्षरे सुटतात. या चुका मग तीन प्रुफांतूनही पुरत्या निघत नाहीत. प्रकाशन समारंभाच्या सभागृहावर, शाल-श्रीफळावर आणि अल्पोपाहारावर जो खर्च होतो, त्याच्या निम्म्यात चांगला मुद्रितशोधक मिळतो. पण त्याचा फोटो पेपरात येत नाही!

आता करार. इथे सांगण्यासारखे सर्वांत जास्त आहे, कारण नुकसान इथेच होते.

कॉपीराइट कायदा, १९५७ लेखकाच्या बाजूने बराच उभा आहे, पण लेखकाला त्याचा पत्ता नसतो. या कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. त्यात कोणते पुस्तक, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हे नमूद करावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन प्रकाशकाने वर्षभरात ते वापरले नाहीत, तर तेवढ्यापुरते हस्तांतरण संपुष्टात येते. मात्र शेवटच्या तिन्ही तरतुदी करारात वेगळे काही लिहिले नसेल तरच लागू होतात. आणि प्रकाशकांच्या छापील करारात नेमके तेच ‘वेगळे’ लिहिलेले असते : ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, सर्व भाषा, सर्व माध्यमे, संपूर्ण जग.’ कॉपीराइटची मुदत म्हणजे लेखकाचे आयुष्य आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. तिशीतल्या लेखकाने केलेली ही सही नातवंडांपर्यंत पोचते.

यातल्या चार ओळी बदलून मागाव्यात. मुदत पाच किंवा सात वर्षे, पुढे दोघांच्या संमतीने नूतनीकरण. हक्क फक्त मराठी छापील पुस्तकाचे, ई-बुकही तोच प्रकाशक खरोखर काढणार असेल तर तेही. ऑडिओ, अनुवाद, नाटक, चित्रपट आणि वेबमालिका हे हक्क लेखकाकडेच. ऐकण्याच्या पुस्तकांना आता मराठीत स्वतंत्र बाजार आहे, त्यामुळे ऑडिओचा हक्क ‘सोबत जाऊ दे’ म्हणून सोडण्यासारखा राहिलेला नाही. प्रकाशकाने यातला एखादा व्यवहार जमवून आणला, तर त्यातला ठरावीक वाटा त्याला द्यावा. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक सोय केली आहे : करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, ते करारात स्पष्टपणे लिहिलेले नसेल तर त्याचे हक्क प्रकाशकाकडे जात नाहीत.

चौथी ओळ आवृत्ती संपल्यानंतरची. पूर्वी ‘आवृत्ती संपून वर्षभरात नवी काढली नाही तर हक्क परत’ एवढे लिहिले की भागत असे. आता मागणी येईल तशी एकेक प्रत छापता येते. त्यामुळे प्रकाशक म्हणू शकतो की पुस्तक कधीच संपलेले नाही, मग भले वर्षाला तीनच प्रती विकल्या जावोत. म्हणून हक्क परत येण्याची अट विकलेल्या प्रतींवर बांधावी : सलग दोन वर्षे वर्षाला २५ पेक्षा कमी प्रती गेल्या, तर लेखी नोटिशीनंतर तीन महिन्यांत हक्क लेखकाकडे.

रॉयल्टीची टक्केवारी सगळे विचारतात. ती कशावर मोजायची, हे क्वचित कोणी विचारते. छापील किमतीवर १० टक्के म्हणजे ३०० च्या पुस्तकामागे ३० रुपये. तेच ‘निव्वळ मिळकतीवर’ असेल आणि वितरकाला ५० टक्के सूट दिलेली असेल, तर १५ रुपये. शब्द दोनच, रक्कम निम्मी. पहिल्या १,००० प्रतींना १०, पुढच्या १,००० ना साडेबारा आणि त्यानंतर १५ टक्के, अशी चढती मांडणी मागायला हरकत नाही. नव्या लेखकाला ती मिळेलच असे नाही, पण प्रकाशकाला ती सोपी जाते, कारण जास्त पैसे पुस्तक चालले तरच द्यायचे असतात. प्रकाशनपूर्व सवलत आणि प्रदर्शनातल्या निम्म्या किमतीच्या योजना यांत रॉयल्टी कशी धरणार, तेही लिहून घ्यावे. प्रत्यक्ष विक्रीकिमतीवर धरली तरी चालेल, पण तो आकडा हिशेबात वेगळा दिसला पाहिजे.

हिशेबपत्रक दरवर्षी ३१ मार्चनंतर ठरलेल्या महिन्यात यावे आणि त्यात सहा आकडे असावेत : आरंभीची शिल्लक, छापलेल्या प्रती, विक्री, दुकानांतून परत आलेल्या, सप्रेम भेट दिलेल्या आणि अखेरची शिल्लक. आरंभीची शिल्लक, छापलेल्या आणि परत आलेल्या प्रतींच्या बेरजेतून विक्री आणि भेटीच्या प्रती वजा केल्या की अखेरची शिल्लक यायला हवी. ‘यंदा १८० प्रती गेल्या’ एवढीच ओळ म्हणजे हिशेब नव्हे. भेटीच्या प्रतींना मर्यादाही हवी. ५०० च्या आवृत्तीत २५ लेखकाला आणि २५ परीक्षणासाठी हे रास्त आहे. दीडशे प्रती ‘भेट’ म्हणून दाखवल्या असतील तर त्या कोणाला दिल्या, हे विचारण्याचा लेखकाला हक्क आहे.

प्रकाशकाची बाजूही सांगायला हवी. ३०० रुपयांतले निम्मे वितरक आणि दुकानदार यांच्याकडे जातात. कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ आणि अक्षरजुळणी यांत छोट्या आवृत्तीला पाव किंमत सहज जाते. रॉयल्टी दिल्यावर जे उरते त्यात संपादक, गोदाम, टपाल आणि अडकलेल्या पैशाचे व्याज भागवायचे. दुकानात माल ‘विक्री वा परत’ तत्त्वावर जातो आणि त्याचे पैसे यायला महिनोन्‌महिने लागतात. पहिल्या आवृत्तीत प्रकाशक गब्बर होतो हा समज खरा नाही. म्हणूनच नव्या लेखकाने आगाऊ रकमेसाठी अडून बसण्यापेक्षा मुदत, हक्क आणि हिशेब यांवर अडून बसावे. या गोष्टींसाठी प्रकाशकाच्या खिशातून काही जात नाही.

लेखकाला सर्वांत लवकर दिसणारा पैसा त्याने स्वतः विकलेल्या प्रतींचा असतो. करारात ५० टक्के सवलतीत प्रती घेण्याची सोय असेल, तर ३०० चे पुस्तक १५० ला मिळते. व्याख्यानाला, शाळा-महाविद्यालयात, गावच्या कार्यक्रमात ते वाचकाला २४० ला दिले तरी प्रतीमागे ९० रुपये सुटतात, म्हणजे रॉयल्टीच्या तिप्पट.

आता पदरमोडीबद्दल. ‘सहकारी तत्त्वावर’ किंवा ‘पॅकेज’ असे गोंडस नाव देऊन जे मागितले जाते, त्यात सर्वांत विपरीत गोष्ट ही की छपाईचे सगळे पैसे लेखक देतो आणि करारात त्याला १० टक्के रॉयल्टी लिहिलेली असते. भांडवल ज्याचे, माल त्याचा. अशा व्यवहारात प्रकाशक हा सेवा पुरवणारा आणि विक्री-एजंट असतो. वितरणाची सूट आणि ठरलेले कमिशन वजा जाता उरलेली सगळी रक्कम लेखकाची, न विकलेल्या प्रती लेखकाच्या आणि हक्कही लेखकाचेच असले पाहिजेत. पैसे टप्प्याने द्यावेत : काही सुरुवातीला, काही अंतिम प्रूफ मंजूर झाल्यावर, उरलेले प्रती मोजून घेतल्यावर. छापखान्याचे बिल आणि प्रती पोचवल्याचे चलन मागावे. ५०० चे पैसे घेऊन १०० च प्रती डिजिटल यंत्रावर काढण्याचे प्रकार होतात आणि ते पकडायला दुसरा मार्ग नाही. त्याआधी पानांची संख्या, कागदाचे जीएसएम (दर चौरस मीटरचे वजन) आणि बांधणीचा प्रकार सांगून दोन छापखान्यांकडून थेट दर आणवावेत. पॅकेजमधली तफावत तिथेच दिसते.

आयएसबीएनसाठी (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) वेगळे पैसे मागणाऱ्याला सरळ नाही म्हणावे. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो क्रमांक विनामूल्य मिळतो, लेखकाने स्वतः प्रकाशित केले तरीही. प्रकाशकाच्या नावावरचा क्रमांक प्रकाशकाचाच राहतो, दुसरीकडे पुस्तक नेले की नवा घ्यावा लागतो. स्वतः प्रकाशक झालात तर १९५४ च्या कायद्यानुसार ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना प्रती पाठवण्याची जबाबदारीही तुमची. ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-बुक स्वतः टाकता येते. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर ‘सिलेक्ट’ योजनेत जावे लागते आणि तिथे ९० दिवसांच्या प्रत्येक टप्प्यात ते ई-बुक इतरत्र ठेवता येत नाही. अन्यथा ३५ टक्के.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांना पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देते. राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा वेगळा विभाग आहे. तिथे प्रकाशनाचे वर्ष मोजले जाते, म्हणून श्रेयपानावर ते चुकले की अडचण होते. वय ३५ च्या आत असेल तर साहित्य अकादमीचा ५०,००० रुपयांचा युवा पुरस्कारही आहे. करापुरते सांगायचे तर प्रकाशकाला पॅन द्यावा, नाहीतर जिथे टीडीएस लागू होतो तिथे १० ऐवजी २० टक्के कापला जातो. जुनी करप्रणाली निवडणाऱ्याला १९६१ च्या आयकर कायद्यात साहित्यकृतीच्या रॉयल्टीवर ३ लाखांपर्यंत वजावट होती (कलम ८० क्यूक्यूबी). नवा आयकर कायदा आला असल्याने आताचे कलम आणि अटी सल्लागाराकडून तपासून घ्याव्यात.

या पत्रातून एक मागणी करतो. मराठी प्रकाशक परिषद आणि अखिल भारतीय मराठी प्रकाशक संघ यांनी साहित्य परिषदेला सोबत घेऊन दोन पानांचा नमुना करार साध्या मराठीत सर्वांसाठी उपलब्ध करावा. मुदत, हक्क, टक्केवारी, भेटीच्या प्रती आणि हिशेबाचा महिना यांच्या जागा त्यात रिकाम्या असाव्यात. आणि ज्या पहिल्या पुस्तकाला सरकारी अनुदान मिळते, त्याच्या अर्जासोबत सही केलेल्या कराराची प्रत जोडणे मंडळाने बंधनकारक करावे.

आपला,
प्रकाशन व्यवसायातील एक संपादक, पुणे