आई-बाबा, मी नागपूरलाच राहते आहे

महाल, नागपूर

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार,

फोनवर हे सांगायला घेतलं की आईचा आवाज जड होतो, आणि मग मी भाजीचे भाव सांगून फोन ठेवते. म्हणून लिहायला बसले. मी पुण्याला कायमची येत नाही. आपल्या घरातच राहायचं ठरवलं आहे. दादाला काल कळवलं. तो थोडा वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, "आईला तूच सांग."

बाबा, चष्मा काढून ठेवू नका, पुढचं वाचा.

हे गेल्यापासून मी भिंतींकडे बघत दिवस काढते असं तुम्हाला वाटतं. तसं नाही, आई. पहाटे नळ येतो, त्या आवाजानेच जाग येते. पाणी भरून होतं, अंगण झाडून सडा घालते, तोवर पारिजातकाखाली सगळं पांढरंशुभ्र झालेलं असतं. आधी तुझ्या देवांना फुलं, मग माझा चहा. आणि एकटीपुरतं काय रांधायचं म्हणून खिचडीवर भागवत नाही हो मी. वरण-भात, भाजी, पोळी रोज होते. मागच्या रविवारी गोळाभात केला, वरून हिंग-मोहरीची तेलफोडणी, बाबांना लागते तशी. शेजारच्या काकूंकडे वाटीभर पाठवला तर त्यांचा नातू रिकामी वाटी घेऊन परत दारात उभा. सध्या सांबार स्वस्त आहे, त्यामुळे सांबारवड्याही होतात. तुमच्याकडे त्याला कोथिंबीर म्हणत असतील, पण माझ्या जिभेवर सांबारच येतं.

दुपारचं मात्र सविस्तर सांगते, कारण माझं मन तिथेच रमलं आहे. जेवणं आटोपली की आपल्या ओसरीवर बायका जमतात. वंदू येते (तिच्या आईचा चिवडा बाबांना अजून आठवत असेल), मागच्या गल्लीतल्या शोभाताई येतात, कधी त्यांची सूनही येते. आम्ही गोधड्या शिवतो. माळ्यावरची आजीची ट्रंक मी उघडली, आई. तुला न विचारता उघडली, पण तू नाही म्हटलं नसतंस. आजीची ती नागपुरी लुगडी, काठ अजून शाबूत आणि अंग इतकं मऊ की हातात धरवेना. धुऊन, उन्हात वाळवून घेतली. आत थर द्यायला आबांनी मिलमधून आणलेलं मांजरपाट निघालं. जमिनीवर एकावर एक अंथरलं, सुरकुत्या काढल्या, कडेने पाटा-वरवंटा आणि तुझा पितळी खलबत्ता ठेवला, नाहीतर थर सरकतात. आधी लांब लांब कच्चे टाके, मग कडेपासून आत आत येत धावदोरा. शोभाताईंचा टाका तांदळाएवढा पडतो. माझा अजून लांब पडतो, पण ओळ सरळ येते आता. अंगुस्तान घालूनच बसते, बोटांची काळजी करू नकोस.

ते मांजरपाट बघून शोभाताई म्हणाल्या की त्यांचे सासरेही त्याच मिलमध्ये सूतखात्यात होते. मग मी तुम्ही घोकून घेतलेलं सगळ्यांना सांगितलं, बाबा : १ जानेवारी १८७७, टाटांची मिल सुरू झाली, आणि त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली म्हणून नाव एम्प्रेस. आता तिथे मॉल आहे, शोभाताईंच्या सुनेने फक्त मॉलच पाहिलेला. त्या दुपारी सुया तशाच राहिल्या, नुसत्या मिलच्या गोष्टी झाल्या. आबांचं नाव मी पुण्यात कुणापाशी काढणार होते? दादाची सोसायटी छान आहे, माणसंही भली आहेत, लिफ्ट आहे, बाग आहे. तुम्हाला तिथे सुख आहे हे बघून माझा जीव भांड्यात पडतो. पण मला तिथे दुपार काढायला कारण शोधावं लागतं. इथे दुपार पुरत नाही.

दोरा, अस्तर संपलं की आम्ही गांधीबागेत जातो. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघात एखादा चांगला कार्यक्रम असला तर चितार ओळीच्या स्टेशनवरून मेट्रोने जाते, रात्र व्हायच्या आत घरी. नाहीतर संध्याकाळी शुक्रवारी तलावापर्यंत एक फेरी, आणि मग बाबांची पेटी. भात्याला चीर गेली होती, ती नीट करून आणली. भूप जमतो. यमन अजून घसरतो, तो तुम्ही समोर बसून शिकवायला हवा.

घराचं सगळं ठीक आहे. मागच्या दाराला नवी कडी बसवली, जिन्यात दिवा लावला, एक किल्ली काकूंकडे असते. ह्यांची पेन्शन वेळेवर जमा होते. उन्हाळ्यापूर्वी कुलरच्या ताट्या बदलून घेईन, मे महिन्याची धास्ती आत्तापासून नको.

बाबा, लहानपणी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला तुम्ही मला खांद्यावर बसवायचे. "घेऊन जा गे मारबत" असा गलका झाला की मी घाबरून तुमचे केस घट्ट धरायची आणि तुम्ही म्हणायचे, "सगळी इडापिडा गेली बरं का छकुले, आता काही भ्यायचं नाही." यंदा मी चौकात एकटीच उभी होते. खरंच भीती नाही वाटली. तुमची आठवण मात्र फार आली.

आता नीट ऐका. आई, डोळ्यात थेंब वेळेवर घालायचे, झोप लागली होती हे कारण चालणार नाही. स्टुलावर चढून वरचे डबे काढायचे नाहीत. बाबा, साखर तपासून आकडा वहीत लिहायचा, आणि सकाळी फिरताना स्वेटर घालायचा, मफलर नुसता गळ्यात लटकवायचा नाही. लोणचं जेवणात एक फोड, बास. आणि आई, वहिनीची आमटी वेगळी असते, पण ती मनापासून करते. तिला एकदा चांगली झाली म्हण. तू बोलत नाहीस ते तिला लागतं, तुझ्या मनात तसं नसतं हे मला ठाऊक आहे.

ओसरीवरची ही गोधडी तुमच्यासाठीच आहे, दुहेरी, दोघांना पुरेल अशी. संक्रांतीच्या आधी पुरी होईल. आंबिया बहाराची संत्री रात्रीच्या बसने पाठवते आहे. पेटी आली की लगेच उघडून पसरून ठेवा, नाहीतर खालची दबून सडतात.

माझ्यासाठी जे कपाट रिकामं केलंत, त्यात आता तुमचे लोकरीचे कपडे ठेवा. वरचा एक कप्पा तेवढा राहू द्या. गोधडी घेऊन मी स्वतः येणार आहे, आणि महिनाभर हलणार नाही.

तुमची,
छकुली

ता. क. दादाला सांगा, ट्रंकेत त्याची भोवरा-जाळी सापडली आहे. टाकलेली नाही.