मेहुण्याचं होल्स्टर

सावंतवाडी,
१० मे

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र पोचलं. मेहुण्याच्या रिव्हॉल्व्हरसाठी होल्स्टर, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला लावायचं चामडी म्यान, मी आनंदाने करीन. पण तू म्हणतोस तसं मऊ, पातळ चामडं मात्र वापरणार नाही. बाजारातलं ते मऊ चामडं बहुतेक क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं असतं. त्यात उरलेले क्षार आपल्या दमट हवेत ओल धरतात आणि लोखंडाला गंज चढतो. शिवाय ते साच्यावर कितीही दाबा, आकार धरत नाही. मला बाभळीची साल आणि हिरडा यांवर कमावलेलं लागतं, कोल्हापुरी चपलेचं कमावतात तसं. जाडी तीन-साडेतीन मिलिमीटर.

साचा लाकडाचा करून घेईन. परवान्याचं हत्यार परवानेदाराच्या ताब्यातच असावं, ते मी दुकानात ठेवून घेत नाही. आपल्या चितारआळीत लाकडाचं आंबा-फणस हुबेहूब करणारे हात आहेत, त्यांना माप दिलं की रिव्हॉल्व्हरही होतं. वर रंगाचे दोन हात, म्हणजे पाण्याने लाकूड फुगत नाही.

शिलाई हातानेच. एकच मेणवलेला दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया. आरीने भोक पाडायचं आणि दोन्ही सुया त्याच भोकातून समोरासमोर ओढायच्या. मशीनच्या शिलाईत एक धागा तुटला की टाके सैल पडत जातात; इथे एक बाजू झिजून तुटली तरी दुसरी धरून ठेवते. वेळ लागतो, बोटं सोलवटतात, पण दुसरा मार्ग मला पटत नाही.

शिवून झालं की कोमट पाण्यात बुडवायचं, जरा निथळू द्यायचं आणि साचा आत सरकवायचा. मग अंगठ्याने नि हाडाच्या गुळगुळीत पट्टीने दाबत जायचं. सिलिंडरचा फुगवटा हळूहळू वर येतो. ट्रिगरभोवतीच्या कडीशी चामडं नीट खोल बसवलं की हत्यार तिथेच अडतं, धावताना उसळत नाही. ट्रिगर मात्र पूर्ण झाकलेला हवा, यात तडजोड नाही. नंतर सावलीत वाळवायचं. चुलीवर किंवा कडक उन्हात ठेवलं की चामडं आखडून तडकतं. म्हणूनच मृगाच्या आधी काम उरकायचं आहे. एकदा पाऊस लागला की चार दिवस झाले तरी आतून ओलंच, वर बुरशी.

नारळावर चढणारा गडी पाठीमागे कंबरेच्या आकडीतून कोयता न बघता काढतो आणि न बघता परत अडकवतो, आठवतं? होल्स्टरही असंच हवं. हात आपसूक मुठीवर गेला पाहिजे.

म्हणून मेहुण्याला सांग: आधी रिव्हॉल्व्हर रिकामं करायचं, सिलिंडर उघडून सगळे कप्पे डोळ्यांनी बघायचे. मग जाड कागदावर आडवं ठेवून पेन्सिलीने बाह्यरेषा काढायची. नळीची लांबी, सिलिंडरची जाडी, पट्ट्याची रुंदी, हात उजवा की डावा, आणि दिवसभर मोटारसायकलवर असतात की खुर्चीत, हे सगळं लिहायचं. बसून काम असेल तर मी होल्स्टर थोडं वर आणि पुढे कलतं ठेवतो, नाहीतर टोक खुर्चीला लागतं.

एक आत्ताच सांगून ठेव. घरी आल्यावर रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये राहू द्यायचं नाही. पुसून, तेलाचा हात फिरवून वेगळं, कुलपात. चामडं कितीही चांगलं असो, पावसाळ्यात ओल धरतंच. पितळी टिच बटणं हिरवी पडतात, म्हणून मी स्टीलची लावणार आहे.

कागद या आठवड्यात पाठव. पैशांचं समोरासमोर बोलू. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच

ता. क. रंग काळा की तपकिरी, तेही विचार. मला विचारशील तर तपकिरी. वापराने जो झळाळ येतो तो काळ्यात दिसत नाही.