बाबासाहेबांचे शब्द चरित्रातून गाळू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

थोर पुरुषांच्या चरित्रात त्यांचे हतबल क्षण आणू नयेत, त्याने समाजाची श्रद्धा डळमळते, असे मत अलीकडे आपल्या पत्रस्तंभात एका वाचकाने मांडले होते. इतरांचे राहू द्या, पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत हे मत मला अजिबात पटत नाही. बडोदेकराला तर ते पटूच नये.

महाराज सयाजीरावांनी १९१३ साली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन त्यांना कोलंबिया विद्यापीठात धाडले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. तो पाळायला ते १९१७ मध्ये बडोद्याला आले. पुढचे सगळे त्यांनी सुमारे अठरा वर्षांनंतर स्वतःच लिहून ठेवले आहे. कुठे जागा मिळेना, म्हणून ते पारशी धर्मशाळेत गेले. अंगात सदरा-कस्ती, म्हणजे पारशांची धार्मिक बंडी आणि कमरेचे पवित्र सूत्र, नाही हे तिथल्या रखवालदाराच्या लगेच लक्षात आले. शेवटी वहीत पारशी नाव लिहायचे आणि राहण्या-जेवणाचे रोज दीड रुपया द्यायचे, असे ठरले. वरच्या मजल्यावर अडगळीने भरलेले मोठे दालन, त्यात वटवाघळांची फडफड, आणि उजेड म्हणाल तर वीतभरापलीकडे न जाणारा एक कंदील. त्या उजेडात हा माणूस वाचत बसे. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात आले. आपण त्यांच्यापुढे भेदरलेल्या चेहऱ्याने गयावया करीत उभे होतो आणि ते दृश्य आठवले की आजही डोळ्यांत पाणी येते, असे बाबासाहेब लिहितात.

जयंतीच्या वेळी वाटल्या जाणाऱ्या ज्या पुस्तिका मी वाचल्या, त्यांत हा प्रसंग असतो, पण त्यातले खोटे नाव गायब असते आणि गयावयाही. अपमान झाला आणि सिंहाने गर्जना केली, एवढेच उरते. ज्याने स्वतःची भीती जगापुढे लिहून ठेवली, त्याच्यापेक्षा आपण त्याची अब्रू अधिक जपतो आहोत, असे का समजायचे?

कमाटी बागेचेही तसेच. धर्मशाळा सोडावी लागल्यावर बाबासाहेब या बागेत येऊन बसले. अस्पृश्यता नष्ट करण्याचा संकल्प त्यांनी इथेच केला, अशी श्रद्धा आहे. म्हणून आज तिथे संकल्पभूमी आहे, २३ सप्टेंबरला दुरून लोक येतात, मीही जातो. त्या दिवसाबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. पण बाबासाहेबांनी लिहिलेल्या हकिकतीत संकल्पाचा उल्लेख नाही. मुंबईच्या गाडीला पाच तास होते, मन काहीसे सुन्न, काहीसे दुःखी होते, आणि पोरक्या झालेल्या लेकरासारखी आईवडिलांची आठवण येत होती, असे त्यांनी लिहिले आहे. वडील तर १९१३ मध्येच गेले होते. संकल्पाची श्रद्धा त्यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहून जन्मली असेल आणि ती सुंदर आहे. फक्त त्यांचे शब्द कोणते आणि आपली श्रद्धा कोणती, हे चरित्रकाराने वाचकाला वेगवेगळे दाखवावे.

हाच न्याय आमच्या सयाजीरावांनाही लावायला हवा. १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू करणाऱ्या राजाच्या राजधानीत त्याच्याच अधिकाऱ्याला डोके टेकायला जागा मिळाली नाही. एक लिहायचे आणि दुसरे टाळायचे, याला चरित्र म्हणत नाहीत.

गाळण्याचा सर्वांत वाईट नमुना मात्र बडोद्याबाहेरचा आहे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी बाबासाहेबांनी १९५६ मध्ये प्रस्तावना लिहिली. डॉक्टर आपल्याला विझत चाललेली ज्योत म्हणत होते, ती पुन्हा पेटली ती आपल्या पत्नीच्या आणि डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे, अशी कृतज्ञता त्यांनी तीत व्यक्त केली होती. त्यांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये ग्रंथ निघाला, तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. इकडे त्यांच्या पत्नी माईसाहेबांवर बाबासाहेबांच्या मृत्यूबद्दल संशय घेतला जात होता. मृत्यू नैसर्गिक होता, असा निष्कर्ष सरकारी चौकशीत निघाला, तरी कुजबुज अनेक वर्षे थांबली नाही. ते चार शब्द तेव्हाच लोकांपुढे असते, तर त्या बाईंच्या वाट्याला आलेले काही तरी कमी झाले असते, असे मला मनापासून वाटते.

उणिवा शोधून माणूस लहान करू पाहणारे लेखकही आहेत, आणि त्यांच्या भीतीने भक्त मंडळी दार लावून घेतात, हे मी जाणतो. पण १९४३ मध्ये पुण्यात रानड्यांच्या जयंतीला बोलताना आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी विभूतिपूजेविरुद्ध स्पष्ट बजावले होते. राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे नेते, हे त्यांचेच म्हणणे. त्यांचे चरित्र लिहिताना ते बाजूला कसे ठेवायचे?

आपल्याला एक विनंती आहे. येत्या २३ सप्टेंबरच्या अंकात बडोद्याच्या त्या अकरा दिवसांची बाबासाहेबांनी लिहिलेली हकिकत मराठीत, काटछाट न करता, पूर्ण छापावी. जागा कमी पडली तर त्या दिवशीचे अभिवादनाचे लेख पुढच्या आठवड्यावर ढकलावेत.

आपला,
एक वाचक
दांडिया बाजार, वडोदरा