मांजरपाटाच्या पडद्यावरचे पंख

नौपाडा, ठाणे
रविवार, पहाट

प्रिय मंदार,

तुझं पत्र येऊन महिना होऊन गेला. इथल्या प्रायोगिक फिल्मचा पहिला खेळ पार पडला की मगच उत्तर लिहायचं, असं ठरवलं होतं. काल तो झाला. रात्री घरी आले, पाठ टेकली, पण डोळा काही लागेना. म्हणून उठून लिहायला बसलेय.

आधी जागेचं सांगते. ज्या संस्थेचा हॉल ठरला होता, त्यांचा चार दिवस आधी फोन आला की तो साखरपुड्याला दिलाय. पैसे परत मिळाले, पण त्या दिवशी स्टेशनपासून घरापर्यंत मी रडत आले. पुण्यात आपल्याला चार ठिकाणी ओळखी होत्या. इथे येऊन मला जेमतेम आठ महिने झालेत. शेवटी आमच्याच सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांना गाठलं. तळमजल्यावर गणपती बसतो तो हॉल मागितला. काकांनी विचारलं, "सिनेमा कसला?" मी म्हटलं, "कॅमेऱ्याशिवाय केलेला." ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग मीही येतो."

पडदा मांजरपाटाचा केला. पन्हा पुरेना, म्हणून दोन तुकडे जोडावे लागले. टेलरकाकांना मुद्दाम सांगितलं की शिवण मधोमध नको, अगदी खाली घ्या. दोनदा धुऊन, पाणी मारून कडक इस्त्री केली. खिडक्यांना पावसाळ्यात गॅलरीला लावतात ते काळं प्लास्टिक चिकटवलं. चाळीस खुर्च्या मांडल्या, एकतीस माणसं आली. बाहेर धो धो पाऊस पडत असताना एकतीस, मंदार!

तू लिहिलं होतंस की आधी दहा मिनिटं प्रस्तावना कर, नाहीतर लोकांना काही कळायचं नाही. मी नाही केली. यावर आपण पुन्हा भांडू, पण माझं मत आता पक्कं झालंय. 'हे अवघड आहे' असं आधीच सांगितलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा बसतो. मी उभी राहून एवढंच सांगितलं, "पुढची चार मिनिटं आवाज नाहीये, स्पीकर बिघडलेला नाही." मग पंखे बंद केले आणि अमेरिकन प्रायोगिक फिल्मकार स्टॅन ब्रॅकेजची 'मॉथलाइट' लावली.

१९६३ सालची ही फिल्म तुला तोंडपाठ आहे. दिव्याजवळ मरून पडलेल्या पतंगांचे पंख, पाकळ्या, गवताची पाती असं सगळं पारदर्शक टेपच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबून १६ मिलिमीटरची पट्टी तयार केली, ती फिल्म. आपण ती तुझ्या लॅपटॉपवर किती वेळा पाहिली असेल! पण सात फुटी कापडावर पंखाची एकेक शीर झरझर जाताना मी पहिल्यांदाच पाहिली. बाहेर पावसाचा आवाज, मध्येच लोकलचा भोंगा. कुणी खोकलंसुद्धा नाही. संपली तेव्हा मागून आवाज आला, "परत लावा."

दुसऱ्यांदा लावली, तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एक आजी बोलायला लागल्या. त्या रत्नागिरीकडच्या. "पावसाच्या सुरुवातीला पाखरं यायची ना, तेव्हा आम्ही दिव्याखाली पाण्याची परात ठेवायचो. सकाळी परातीत नुसते पंख. अंगणात ओतले की उन्हात असेच चमकायचे." त्यावर शेजारच्या बाईंनी त्यांच्या माहेरचं सांगितलं, मग काकांनी. दहा मिनिटं हॉलभर दिवे, पाखरं आणि पराती. मी एका कोपऱ्यात उभी राहून ऐकत होते, आणि मला भरून आलं होतं.

मग प्रमोद पतींची, चित्रकार आबिद सुरतींवरची 'आबिद' दाखवली, १९७२ची, फिल्म्स डिव्हिजनची. खऱ्या माणसाला बाहुलीसारखं एकेका फ्रेमने हलवलेलं बघून पोरं खदखदून हसली. एका गृहस्थांनी विचारलं, "हे आबिद सुरती म्हणजे 'बहादूर'वाले का? इंद्रजाल कॉमिक्समधले?" तेच ते. मीरा रोडला घरोघरी जाऊन लोकांचे गळके नळ फुकट दुरुस्त करणारेही तेच, हे सांगितल्यावर तर चर्चा थांबेचना.

शेवटी फ्रेंच विज्ञानपटकार पॅनलव्हेची समुद्रघोड्यावरची फिल्म. ही कल्पना ॲमॉस व्होगेलकडून घेतली. न्यूयॉर्कमध्ये १९४७ ते १९६३ त्यांनी 'सिनेमा १६' ही फिल्म सोसायटी चालवली, तेव्हा प्रायोगिक फिल्मच्या शेजारी ते मुद्दाम विज्ञानपट लावायचे. एके काळी त्यांचे सात हजार सभासद होते. पिल्लांना नर जन्म देतो, हे बघताना बायकांच्या रांगेत जी कुजबुज झाली, ती तू ऐकायला हवी होतीस.

दोघं मध्येच उठून गेले. एक कॉलेजचा मुलगा चिडला होता. "याला सिनेमा का म्हणायचं?" असं त्याने सरळ विचारलं. मला तो सगळ्यात आवडला. त्याचा नंबर घेतलाय, पुढच्या वेळी प्रोजेक्टर त्याच्याकडेच देणार आहे.

आता तुझा सल्ला हवाय. ऑगस्टमध्ये मणी कौल यांची 'उसकी रोटी' लावायचं मनात आहे. लॉ कॉलेज रोडवर फिल्म अर्काइव्हमध्ये आपण ती पाहिली आणि नंतर डेक्कनपर्यंत एक शब्द न बोलता चालत गेलो, आठवतंय? नवऱ्याची भाकरी घेऊन बस थांब्यावर उभी असलेली बालो, आणि २८ आणि १३५ मिलिमीटरच्या दोनच लेन्सनी केलेलं चित्रण. पण सबंध लांबीची फिल्म दुसऱ्याच महिन्यात लावू की आणखी दोन-तीन खेळ छोट्या फिल्म दाखवू? मला वाटतं लावावी. कालच्या आजी ती नक्की बघतील. पण घाई करून आलेली माणसं गमवायची नाहीत. तुझं मोकळेपणाने लिही.

आणि खरं तर तू ये. दुसरा शनिवार धरलाय, संध्याकाळी सहा वाजता. सकाळची सिंहगड पकडलीस तर नाश्त्याला मामलेदारची मिसळ खाऊ, मग खुर्च्या मांडायला लागू. येताना तुझ्याकडची ती जाड काळी चादर आण. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड एका खिडकीतून अजून आत येतोय आणि पडद्याचा डावा कोपरा फिका पडतोय.

तुझी,
अनघा